बेटावरून आलेले आप्पा

मोसंबीला बरा भाव लागला की कुणी ट्रॅक्टर घेतं, कुणी पोरीचं लग्न उरकतं आणि हल्ली एखादा अंदमानला जातो. जाण्याबद्दल तक्रार नाही. पण गेलेला माणूस पुरता परत येत नाही, ही खरी अडचण. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या पंचक्रोशीत असा एक तरी सापडतोच. सोयीसाठी त्याला आप्पा म्हणू.

आप्पांना शांतता हवी होती, हे खोटं नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण गावात सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर पुढारी, कॅमेरे, गाड्यांच्या रांगा. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर निवांत तंबाखू मळायला बांधसुद्धा मोकळा राहिला नाही. तेव्हा आप्पांनी शोधून काढलं अंदमानातलं शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील. शेजारच्या स्वराज द्वीपापेक्षा लहान, गर्दी कमी, भोवती प्रवाळ. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. आप्पांना तालुक्यातच उतरल्यासारखं वाटलं.

त्यात हे बेट बंगाली निर्वासितांनी वसवलेलं आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध. आप्पा आधी वांग्याच्या वाफ्यात शिरले आणि कॅरेटचा भाव विचारला. समुद्राकडे बघायला दुसरा दिवस उजाडला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे कळल्यावर म्हणाले, "आपल्याकडं सातशे पडला तर पेढे वाटतेत. अन् हितला शेतकरी बी रडतोयच. म्हंजी आपलाच भाऊ."

मग डायव्हिंग. पोहणं आप्पांना विहिरीनं शिकवलेलं, पाठीला रिकामा डबा बांधून. इथेही डबाच बांधला, फक्त हवा भरलेला. (आप्पा त्याला ऑक्सिजन म्हणतात. साधी दाबलेली हवा असते, हे त्यांना कोण सांगणार?) चाळीस फूट खाली नेणार म्हटल्यावर ते हसले. "सात परस! दुष्काळात विहिरीचा गाळ काढाया याच्या दुप्पट गेलोय. तितं मासे नव्हते, अन् पानी बी नव्हतं." मुखवटा मात्र गळू लागला. कारण मिशी. ती उतरवण्याची सूचना आप्पांनी ऐकूनच घेतली नाही. शेवटी व्हॅसलिन चोपडून मिशीसकट खाली गेले.

खाली रंगीत मासे बघून आप्पा हरखले आणि शिक्षकाला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. गड्यानं इमानदारीत वर आणलं. पुन्हा खाली. पुन्हा मासे, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, हे बुडी मारण्याआधी सांगितलं होतं. तेव्हा आप्पा मराठवाड्याचा पाणीप्रश्न समजावत होते.

माझ्या मते खरं संकट निराळंच. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येईना. अर्धा तास! ग्रामसभेत अध्यक्षांना जमलं नाही ते एका रबरी नळीनं करून दाखवलं. शांततेसाठी एवढा खर्च केला, पण ती इतकी मिळेल याचा अंदाज नव्हता. ते अर्ध्या तासाचं तुंबलेलं बोलणं आप्पा गावात आल्यापासून उपसतायत. वैनी सोबत होत्या. त्या किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच, की बेट खरंच लई शांत होतं, हे पाण्याखाली होते तवर.

म्हातारीनं एकदाच विचारलं, "पानी खारं का गोडं?" खारं म्हटल्यावर तिच्यापुरता विषय संपला. जवळच्या वडीगोद्रीच्या हॉटेलवरची पोरं तेवढी भाग्यवान नाहीत. आप्पा तिसऱ्या चहाला प्रवाळापर्यंत पोचतात, तेव्हा त्यातला एक जण मुकाट्यानं अंगठा वर करतो.

आप्पा खूश होतात. "आवडलं ना? मंग पयल्यापासून सांगतो."