‘वायरिंगसकट’ देणाऱ्या शेठजींना खुलं पत्र

रा. रा. शेठजी, भंगार गोदाम, जालना यांसी,


आपण पाठवलेलं इंजिन पोचलं. टेम्पोतून उतरवलं, चेन पुलीला लटकवलं, घरच्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग वरचं पोतं काढलं आणि आपल्या शब्दाला आपण किती पक्के आहात ते दिसलं.

आपल्याकडे रोज शंभर माणसं येतात, तेव्हा ओळख देतो. माझी गाडी फिएट पालिओ, १.६ जीटीएक्स. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभर घोडे. २००१ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा सचिन तिची जाहिरात करायचा. ती पेट्रोल किती पिते, हा विषय आमच्या घरात जेवताना काढत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात अंबड रोडवर रेडिएटरचा पाइप फुटला, हेड वाकलं, ब्लॉकला तडा गेला. फिएटचं नाव काढलं की मिस्तरी चहा पाजतात आणि वाटेला लावतात, म्हणून इंजिन घरीच बदलायचं ठरलं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि पावसाळ्यात उंदरांनी तिच्या वायरिंगवर ताव मारला. म्हणूनच आपल्यापुढे माझी एकच अट होती : इंजिन वायरिंगसकट पाहिजे.

आपण खुर्चीतून न उठता म्हणालात, “वायरिंगसकट काय, कॉम्प्युटरसकट देतो. चालू गाडीतनं काढलंय. एक नंबर माल.”

वायरिंग आली, शेठजी. एकही कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, हरवला नाही. चार इंजेक्टरचे चार, क्रँक सेन्सरचा, थ्रॉटलचा, पाण्याच्या सेन्सरचा, सगळे आपापल्या जागी घट्ट बसलेले. आणि प्रत्येकाच्या मागे चार बोटं वायर. पुढे काही नाही. ग्राइंडरनं सपासप कापलेलं. उरलेला गुच्छा पोत्याच्या तळाशी होता, तोही तीन तुकड्यांत. म्हणजे आपण खोटं बोललात असं कुणाची छाती आहे म्हणायची? वायरिंगसकट म्हणालात, वायरिंगसकट दिलंत. ती जोडलेली असेल असं कुठे कबूल केलं होतं!

आता माझे दिवस कसे जातात ते ऐका. या गाडीत एकेका वायरवर दोन-दोन रंग असतात, मूळ रंग आणि त्यावर बारीक पट्टी. त्या पट्टीवरूनच कोणती वायर कुठे जाते ते कळतं. वीस-बावीस वर्षांच्या ऑइलनं आणि जालन्याच्या धुळीनं त्या सगळ्या एका रंगाच्या झाल्यात, काळ्या. पेट्रोलचा बोळा घ्यायचा, एकेक शेपूट पुसायचं, उन्हात धरायचं आणि बायकोला विचारायचं, ही गुलाबी की विटकरी? बायको म्हणते, मला साडीतले रंग विचारा. त्यात ग्राइंडरच्या उष्णतेनं टोकाचं प्लॅस्टिक वितळून दोन-दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. त्या ब्लेडनं सोडवताना पट्टीच खरवडून जाते. मग मीटर लावून अंदाज करत बसायचं. क्रँक सेन्सरची एक वायर चुकली की इंजिन कुठवर फिरलंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही, आणि तो ना स्पार्क देतो ना पेट्रोल. स्टार्टर नुसता घरघरत राहतो आणि शेजारचे गच्चीवरून सल्ले देतात.

कपलरला एक खाच असते, शेठजी. अंगठ्यानं दाबली की टक्‌ करून सुटतो. अख्खी वायरिंग मोकळी करायला सवयीच्या माणसाला अर्धा तास पुरे. तो अर्धा तास वाचवण्यासाठी आपण ज्या वस्तूवर ग्राइंडर चालवलात, ती आता पैसे मोजूनही नवी मिळत नाही. २०१९ पासून या देशात फिएटची नवी गाडी विकली जात नाही. आम्ही जुन्या गाड्यांवाले जगतो ते एकमेकांच्या मेलेल्या गाड्यांच्या अवयवांवर. आणि ते अवयव आपल्या हातात आहेत! चीड येते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. कॉम्प्युटर आलाच नाही, माझा शाबूत होता म्हणून भागलं. अल्टरनेटर “वेगळा असतो” हे पैसे दिल्यावर कळलं. फाउंडेशनचे रबर हातात भुगा होऊन आले.

पावतीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं आणि नव्या इंजिनाचा नंबर कागदावर चढवावा लागतो. ते इंजिन चोरीचं नाही हे मी दाखवणार कशावरून? पक्की पावती मागितली तर आपण माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी ऑगस्ट २०२२ मध्ये वऱ्हाडी बनून जालन्यात धाड घालायला आलेल्या आयकरवाल्यांच्या गाडीतून उतरलो होतो. मग बियाणं कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडून पाठीमागे लिहून दिलंत : “फिएट इंजिन १ नग, रनिंग.” ना नंबर, ना सही, ना गोदामाचं नाव. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी आधीच १ एप्रिल २०२२ ला सहाशेची पाच हजार झाली होती. आता त्या फाइलला हे कॅलेंडर जोडू?

आणि तरीही एक सांगायचं राहतं. इंजिन सुरू झालं.

पहिल्यांदा खोकललं, मग चारही सिलिंडर एकसुरात लागले. धूर नाही, खडखड नाही, ऑइलचा दाब व्यवस्थित. आपण म्हणालात तसंच, एक नंबर माल. या गावात लोखंडाला किलोचा भाव आहे. रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या असतात आणि देशभरचं भंगार इथे येऊन सळई होऊन बाहेर पडतं. अशा गावात हा ब्लॉक आपण फोडून वजनावर घातला नाहीत, कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलात. गिऱ्हाईक येईल याची खात्री नसताना. हे आपल्याखेरीज जालन्यात कोणी केलं असतं असं मला वाटत नाही.

ज्या पोरानं वायरी कापल्या त्यालाही मी पाहिलं होतं. तोंडाला फडकं, पायात चप्पल, डोळ्यांवर चष्मा नाही, ग्राइंडरच्या ठिणग्या थेट चेहऱ्यावर. खाच दाबायची असते हे त्याला कोणी सांगितलं असणार? संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी कर, एवढंच सांगितलं असणार. तो आमच्या उंदरांपेक्षा नक्कीच जास्त भुकेला होता.

तर विनंती अशी. आपल्या गोदामात मागच्या भिंतीला टेकून आणखी एक पालिओ उभी आहे, पांढरी, बॉनेट नसलेली. तिची वायरिंग अजून शाबूत आहे, मी वाकून पाहिलंय. तिला हात लावू देऊ नका. रविवारी पाने घेऊन येतो, स्वतः सोडवतो आणि त्या पोरालाही खाच कशी दाबायची ते दाखवतो. त्याला एक चष्मा आपण घेऊन द्या, नाहीतर मी आणतो. वायरिंगचा भाव तांब्याच्या वजनानं लावा की नगानं, मी वाद घालणार नाही.

फक्त या वेळी पावती पक्की द्या. आणि आधीच्या इंजिनाचीही, नंबरासकट. नंबर ब्लॉकवर कोरलेला आहे, तो मी लिहूनच आणतो.

आपला,
एक गिऱ्हाईक