कार्डवाले तात्या

असा एक माणूस गिरगावातल्या वाडीत सापडतो, दादरच्या हिंदू कॉलनीतही सापडतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर लालबाग-परळच्या चाळीत यावं. इकडे केईएम, तिकडे टाटा, पलीकडे वाडिया. त्यामुळे दर चार बिऱ्हाडांत एका बिऱ्हाडी गावाहून आलेला कोणीतरी मांडीवर फाइल घेऊन बसलेला असतोच. अशा मुलखात ज्याच्याकडे मेडिक्लेम आहे तो नुसता पॉलिसीधारक राहत नाही, तो सार्वजनिक मालमत्ता होतो.

आमचे तात्या तसे झाले. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणला आणि चार-पाच वर्षांत तात्यांनी तो घेतला. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. विम्याचा एजंट त्यांच्याच मजल्यावर राहायचा आणि रोज सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत त्यांच्या मागे उभा असायचा. पळणार कुठे?

तात्या लबाड नाहीत, हे आधी सांगितलेलं बरं. भाजीवाल्यानं चुकून दहा रुपये जास्त परत केले तर तीन जिने उतरून देऊन येतील. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही तर रात्री झोपत नाहीत. फक्त कार्डाच्या बाबतीत त्यांचं गणित निराळं. हप्ता मी भरतो, आजारी मी पडत नाही, मग एवढा पैसा वाया का घालवायचा? वडील गिरणीत साचाखात्यात होते. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली उभा राहायचा, साचे चालायचे, कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. "खात्यात बदली कामगार चालतो," तात्या विचारतात, "मग खाटेवर बदली पेशंट का चालू नये?"

पुढे दावे हाताळणाऱ्या टीपीए कंपन्या आल्या, कॅशलेसचं प्लॅस्टिकचं कार्ड आलं, आणि तात्यांच्या दातृत्वाला ऊत आला. २००७ साली धाकटा भाऊ बाळू पित्ताशयात खडे घेऊन मालवणहून उतरला. बाळूच्या खिशात काहीच नव्हतं, तात्यांच्या खिशात कार्ड होतं. मिशा दोघांच्या सारख्या. तात्यांनी गणेशोत्सवात नाटकं बसवलेली, त्यामुळे तालीम रीतसर झाली.

"नाव?"

बाळूनं तात्यांचं पूर्ण नाव बिनचूक सांगितलं.

"जन्मतारीख?"

"शिमग्याच्या आधी..."

"ती तुझी! माझी सांग."

तीन दिवस हे चाललं. काकूंनाही भूमिका होती, संवाद मात्र नव्हते. संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यांना 'पत्नी' लिहून सही करायची होती. त्यांनी ती केली, आणि नंतर वर्षभर दिराला वाढताना पदर जरा जास्तच सावरून घेतला. प्रयोगात एकच घोटाळा झाला. सिस्टरनं दारातून नाव पुकारलं तेव्हा बाळू गप्प पडून राहिला आणि शेजारच्या स्टुलावर बसलेले तात्या "हजर" म्हणाले. सिस्टरनं थर्मामीटर त्यांच्या तोंडात घातला. त्या मुक्कामातल्या सगळ्या कागदपत्रांत तेवढीच एक नोंद खरी आहे.

बाळू बरा झाला, गावी गेला, आणि ही वार्ता अख्ख्या पंचक्रोशीत झाली. मग चुलतभाऊ आला, मेव्हणा आला, खालच्या मजल्यावरच्या सदूचे वडील आले. कागदोपत्री तात्यांचं अपेंडिक्स दोनदा निघालं. मोतीबिंदू तीन झाले. तिसरा डोळा शंकराला असतो. विमा कंपनीनं तो तात्यांनाही मंजूर केला. अंगावर मात्र या माणसाच्या एक टाका नाही. रक्तगट त्यांचा बी, फायलीत ओ. हा विनोद नव्हे. एखाद्या रात्री बेशुद्ध अवस्थेत त्यांना नेलं असतं आणि कोणी घाईत जुन्या कागदावर विसंबलं असतं तर? पण तात्यांना यातलं काही टोचत नाही. "रक्त चढवताना पुन्हा तपासतातच," म्हणतात. तेही खरंच आहे म्हणा.

हे सगळं हॉस्पिटलला कळत नव्हतं असं समजू नका. खाजगी नर्सिंग होममध्ये पहिला प्रश्न "काय होतंय?" हा नसतो, "कार्ड आहे?" हा असतो. आहे म्हटलं की भाव बदलतो. चोवीस तास दाखल असल्याशिवाय सहसा क्लेम बसत नाही, म्हणून ज्याला गोळी देऊन घरी पाठवायचं तो 'निरीक्षणाखाली' राहतो. २०१० च्या जुलैत सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांची कॅशलेस सोय एका झटक्यात बंद केली, ती फुगवलेल्या बिलांना कंटाळूनच. त्या महिन्यात तात्या सुतकात असल्यासारखे फिरत होते.

बिल वाचण्यात त्यांचा हात धरणारा लालबागेत नाही. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. "दोन दिवसांत हातमोजे चाळीस जोड. ऑपरेशन केलं की कबड्डी खेळले?" "डॉक्टर व्हिजिट, रोज दोन. एक म्हणजे दारातून 'काय, बरंय ना?' विचारून गेले ती. दुसरी झोपेत झाली असणार." आणि मग तो विचार, जो हॉस्पिटलांत पेशंटचा अंगठा घेणारं मशिन आल्यापासून ते प्रत्येकाला ऐकवतात: "अंगठा पेशंटचाच का? डॉक्टरनं प्रत्येक व्हिजिटला लावावा. खाटेच्या दांडीलाच ठोका ना मशिन!" कागदोपत्री प्राध्यापकांना आळा घालायला वैद्यकीय महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आली हे वाचलं तेव्हा त्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

या बाबतीत मी तात्यांच्या बाजूचा. खाटेवर कोण आहे एवढंच अंगठा सांगतो. त्या माणसाला खरंच काही झालंय का, तीन दिवस कशाला ठेवलाय, सलाईन लावली की नुसती लिहिली, हे अंगठ्याला विचारून कळत नाही. आणि नोंदवणाराच डोळे मिटून बसला तर मशिन काय करणार? २०२३ साली कॅगनं आयुष्मान भारत योजनेची तपासणी केली, तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले निघाले. नंबर होता ९९९९९९९९९९. मरण पावल्याची नोंद झालेले रुग्ण पुन्हा उपचार घेतानाही सापडले. तात्यांना मेलेल्यांचं विशेष वाटलं नाही, नंबरनं मात्र ते दुखावले. "दहाच्या दहा नऊ! अरे, मध्ये एखादा आठ तरी घालायचा. मेहनत करायला नको कोणाला."

अंगठ्याबद्दल त्यांची तक्रार जुनीच. हुगळीला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं १८७७ मध्ये पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्यांचं पेन्शन मागे राहिलेल्यांनी उचलू नये म्हणून. हे मी सांगितलं तेव्हा तात्या हळहळले. "म्हणजे सुरुवातच आमच्यासारख्यांमुळे झाली!" विमा कंपनीच्या माणसानं एकदा आधार मागितलं तर त्याला त्यांनी सप्टेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऐकवला. "सक्ती नाही. ऐच्छिक आहे. आणि माझी इच्छा नाही." खाजगी आयुष्याच्या हक्काचा एवढा कडवा पुरस्कर्ता चाळीत दुसरा नाही, आणि चाळीत त्यांच्या पोटातलं काय काय निघालं हे ठाऊक नसलेलाही कोणी नाही.

मग परवाच्या पावसाळ्यात तात्यांच्याच पोटात कळ आली.

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, एक चांगला सुपारीएवढा. सर्जन म्हणाले, काढून टाकू. तात्या कॅशलेस डेस्कवर कार्ड घेऊन गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःसाठी. संध्याकाळी डेस्कवरची मुलगी म्हणाली, "काका, क्वेरी लागलीय." क्वेरी सरळ होती. पॉलिसीधारकाचे पित्ताशय २००७ मध्ये काढण्यात आलेले असून त्याचा दावा अदा झालेला आहे. तरी खुलासा करावा.

तात्यांनी सोनोग्राफीचा फोटो पुढे केला. "हे बघा ना, आहे."

"आहे हो काका. पण तुमच्याकडे नसायला पाहिजे."

त्या रात्री खुलाशाचे तीन कच्चे खर्डे झाले. पहिल्यात 'सदर अवयव पुन्हा उगवला असल्याची शक्यता नाकारता येत नाही' असं होतं. काकूंनी तो फाडला. दुसऱ्यात 'सदर पित्ताशय माझे नसून माझ्या कनिष्ठ बंधूंचे होते' असं सरळ लिहिलं होतं. तो तात्यांनीच फाडला, कारण असं कबूल केलं की पॉलिसी रद्द, शिवाय जुने पैसे परत मागणार. तिसरा 'महोदय'च्या पुढे गेला नाही.

बाळू मालवणहून रातोरात आला. ऋण फेडायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. केशरी रेशनकार्डावर त्याची फुले जन आरोग्य योजना होती. "दादा, माजा कार्ड घे."

"अरे, आता अंगठा मागतात."

बाळूनं क्षणभर विचार केला. "मगे अंगठो पण घे."

तोडगा काकूंना सुचला. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न विचारता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत, हे ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेलं. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. त्या योजनेत तात्यांची पाटी कोरी होती. तात्या योजनेत असलेल्या एका हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलाशी बसले. आरोग्यमित्र म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. अंगठा लावला, उठला नाही. पुसून लावला, नाही. तर्जनी, मधलं बोट, डावा हात. आयुष्यभर काकूंना भांडी घासायला मदत केल्याचा हा परिणाम, असं तात्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि काकूंनी तितक्याच मोठ्यानं खोडलं.

"चेहऱ्यानं करू या आजोबा," मुलगी म्हणाली आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "डोळे मिचकवा."

तात्या बधिर. चाळीत सत्तर वर्षं काढली, एकाही मुलीकडे पाहून डोळा मिचकवला नव्हता.

"मिचकवा ना आजोबा, त्याशिवाय घेत नाही."

तात्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला घेतला. तात्यांनी डोळे घट्ट मिटून उघडले आणि मोबाइलवर हिरवी खूण आली. सरकारदरबारी तात्या हे तात्या ठरले. मुलीनं फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं.

"आजोबा, याआधी काही ऑपरेशन झालंय?"

तात्यांनी बाळूला पुढे ढकललं. "पित्ताशयाचं ह्याच्याकडे आहे. बाकीची कोणाकोणाकडे आहेत ते विचारून सांगतो."