सिगारेट कंपन्यांच्या संचालक मंडळांस सांत्वनपर पत्र

मा. संचालक महोदय,

सा. न. वि. वि.

गेली पंचवीस-तीस वर्षे पोरासोरांनी आपल्याला जो मनस्ताप दिला, त्याबद्दल दोन शब्द सांत्वनाचे लिहावेत म्हणून हा पत्रप्रपंच. डॉक्टरांचे बोलणे आपण कधी मनाला लावून घेतले नाही. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे खापर सिगारेटवर फोडले, तरी आपला धंदा चालूच राहिला. १९९४ साली सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले आणि निकोटिनचे व्यसन लागते असे आम्हांला वाटत नाही, हे एकामागून एक शपथेवर सांगून मोकळे झाले. एवढ्या धीराची माणसे पुढे चारच वर्षांत फ्लॉरिडातल्या शाळकरी मुलांपुढे हबकली, याचे वाईट वाटते.

त्या मुलांनी केले ते इतकेच. १९९७ साली आपण फ्लॉरिडा राज्याशी कोर्टाबाहेर तडजोड केलीत. तिच्या पैशांतून १९९८ मध्ये ‘ट्रूथ’ नावाची मोहीम निघाली आणि ती मुलांनाच विचारून आखली गेली. सिगारेट वाईट, हे कुणालाच नव्याने सांगायचे नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलाला साठीतल्या कर्करोगाची भीती घालून उपयोग नसतो. मुलांनी एकमेकांना सांगितले की ही कोटातली मंडळी आपल्याला गिऱ्हाईक म्हणून हेरून बसली आहेत. यात बदनामी म्हणावी, तर आजचा किशोरवयीन हा उद्याचा संभाव्य नेहमीचा ग्राहक, अशा अर्थाचे वाक्य फिलिप मॉरिसच्याच १९८१ च्या अंतर्गत टिपणात सापडते. दोन वर्षांत फ्लॉरिडातल्या माध्यमिक शाळांतले सिगारेट ओढणारे १८.५ टक्क्यांवरून ११.१ वर आले, त्यावरच्या वर्गांतले २७.४ वरून २२.६ वर. मोहीम देशभर पसरल्यावर तरुणांनी प्रेते ठेवायच्या १,२०० पिशव्या न्यूयॉर्कला फिलिप मॉरिसच्या दारात आणून रचल्या. तंबाखूमुळे अमेरिकेत रोज मरणाऱ्यांचा तेव्हाचा आकडा तोच होता.

लोरिलार्ड कंपनीच्या जखमेची तर बातच वेगळी. याच मोहिमेच्या २००१ च्या एका रेडिओ जाहिरातीत कुत्री फिरवणारा एक माणूस कंपनीला फोन लावतो. सिगारेटमध्ये तुम्ही युरिया घालता असे ऐकले, माझ्याकडे कुत्र्यांचे मूत्र भरपूर आहे, घेता का? १९९८ च्या राष्ट्रीय तडजोडीत, तिच्या पैशांतून ही मोहीम देशभर चालवणाऱ्या संस्थेने कुणाची निंदानालस्ती करू नये असे कलम होते. त्याच्या आधारे कंपनी भांडली. २००६ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने याला निंदानालस्ती म्हणता येत नाही असा निर्वाळा दिला. कर्करोगाचा आरोप दशकानुदशके पचवणाऱ्यांना कुत्र्याचा विनोद मात्र पचला नाही! माझे म्हणणे एवढेच की आपली नेमकी दुखरी नस यातून उघडी पडली.

आपली स्वतःची मोहीमही होती, हे मी विसरलेलो नाही. फिलिप मॉरिसने त्याच १९९८ मध्ये ‘विचार करा, ओढू नका’ अशा आशयाच्या जाहिराती काढल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या पाहिलेली मुले कंपन्यांविषयी अधिक मवाळ आणि सिगारेटला अधिक राजी आढळली. वडीलधाऱ्यांनी ‘नको’ म्हटलेली वस्तू हवीशी वाटते, हे ओळखणारा आपल्याइतका जाणकार दुसरा कोण?

आपले वकील म्हणतील, सिगारेट घटली ती महागाईने. पोरांना कसले श्रेय देता? मुद्दा बिनतोड नसला तरी खोटा नाही. तडजोडीचे पैसे उभे करायला भाव आपणच वाढवले होते. म्हणूनच संशोधकांनी हिशेब जपून मांडला: १९९९ ते २००२ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांतले धूम्रपान २५.३ टक्क्यांवरून १८ वर आले, आणि त्या घटीतला सुमारे २२ टक्के वाटा मोहिमेचा. उरलेल्यात आपली भाववाढ धरावी. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: सज्ञान माणसाने काय ओढावे हे मुलांनी का ठरवावे? ठरवू नयेच. पण अमेरिकेत रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहांत जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आतच ओढलेली असते. सज्ञानाच्या नावाने मागितलेले स्वातंत्र्य बहुधा अज्ञानाच्या वयातच वापरून झालेले असते.

महाराष्ट्रात मात्र आपण निश्चिंत असावे. आमच्याकडे मुलांना शपथ देतात, प्रभातफेरी काढतात आणि कवटी रंगवायला लावतात. तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत येतो, ही कॅलेंडरची आपल्यावर कृपाच. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकू नये, हा कायदा २००३ चा. सुटी सिगारेट विकण्यावर राज्याने बंदी घातली २०२० मध्ये. तरी टपरीवर पाकीट फोडून एक कांडी मिळते, पेटवायला दोरीला टांगलेला लायटर असतो, आणि पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे ते भीषण चित्र टपरीच्या फळीवरच राहते, पोराच्या हाती येतच नाही. कुणी हटकले तर गरिबाच्या पोटावर पाय नको, असे आम्हीच म्हणतो. आणि ते बरोबरही आहे, कारण जाब टपरीवाल्याला नव्हे, त्याच्याकडे माल पोचवणाऱ्याला विचारायचा असतो. तो विचारायला आमच्या निबंधाच्या विषयांत जागा नाही.

तेव्हा या चित्रकला स्पर्धा अशाच भरत राहोत, अशी प्रार्थना आपणही करावी. फक्त एखाद्या मुलीने कवटीऐवजी आपल्या कंपनीचे बोधचिन्ह काढले, तर विषय सोडून चित्र काढल्याबद्दल परीक्षकांनी तिचे गुण कापावेत, एवढी व्यवस्था पाहावी.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक हितचिंतक