नाताळचा बाळंतविडा

‘काही आणू नका हं’ हे वाक्य पुण्यात दोन ठिकाणी भेटतं. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेलं असेल, तर ते बऱ्यापैकी खरं असतं. फोनवर ऐकलं, तर त्यातल्या ‘हं’कडे लक्ष द्यावं. तो लांबला की समजायचं, रिकाम्या हातांनी गेलात तरी चालेल, पण दिसेल.

एरवी आपल्याला असल्या बाबतीत डोकं चालवावं लागत नाही. बारशाला झबलं, डोहाळजेवणाला ओटी, गणपतीला पेढे नाहीतर पाच फळं, आजाऱ्याला मोसंबी, नव्या घराला भिंतीवरचं घड्याळ. (नव्या घरात सहा घड्याळं जमतात आणि सहाही वेगवेगळी वेळ दाखवतात, तो भाग निराळा.) प्रसंग सांगावा, पिशवीत काय ते आपोआप पडतं. नाताळ आला की मात्र पेठांमध्ये वाढलेली आणि आता वानवडी-कोंढव्याच्या सोसायट्यांत राहायला आलेली माणसं बावचळतात. नारळ नेला तर चालतो का? हळदीकुंकवाची बोटं उंबऱ्यापाशीच थांबवायची का? आणि पेढे? पास झाल्यासारखं नाही ना वाटणार?

मग सगळ्यांना एकच गोष्ट सुचते, केक. नाताळच्या आठवड्यात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीसमोर उभं राहून बघावं. बेकरी १९५५ सालची, गर्दी मात्र कायम आजची. रांगेतले निम्मे लोक स्वतःसाठी श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला आलेले असतात आणि उरलेले कुणाकडे तरी न्यायला मावा केक. त्यातले काही तो केक घेऊन जाणार असतात कॅम्पातल्याच एखाद्या गोवेकर कॅथलिक घरी. हे म्हणजे लंकेत सोन्याची वीट नेऊन ठेवणं झालं. त्या घरात काळे मनुके, चेरी आणि संत्र्याची साल कित्येक आठवडे रममध्ये मुरत पडलेली असतात. घरातल्या सगळ्यांनी टेबलाभोवती बसून, काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या दाबून कुलकुल वळलेले असतात. नेवऱ्या तळून झालेल्या असतात, दोदोल ढवळून कुणाचा तरी खांदा भरून आलेला असतो, आणि बेबिंकाचे थर एकेक करून भाजून झालेले असतात. त्या टेबलावर आपला मावा केक बिचारा परगावच्या पाहुण्यासारखा कडेला बसतो. त्या घरच्या आंटी प्रेमाने ‘किती छान’ म्हणतात आणि तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवतात. तिथे तसेच आणखी चार असतात.

काही दूरदर्शी लोक केक नेत नाहीत, केकची चौकशी नेतात. “एगलेस आहे ना?” हा प्रश्न पुण्यात ‘मेरी ख्रिसमस’च्या पाठोपाठ विचारला जातो. आमच्या माहितीतल्या एका घरी आता दोन केक असतात आणि त्यातल्या एकावर हिरवी झेंडी टोचलेली असते. हिरव्या झेंडीचा केक आधी संपतो, कारण तो दोन्ही बाजूंचे लोक खातात.

वाइनचं म्हणाल तर घर बघून. आंटींकडे नाशिकची बाटली आनंदाने उघडली जाईल. पण पुण्यातला नाताळ म्हणजे काही एकच घर नव्हे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ साली काम सुरू केलं. त्या बाजूच्या मराठी प्रॉटेस्टंट घरांत बाटली नेलीत तर काकू काही बोलणार नाहीत, पण काका चष्मा पुसायला लागतील. तिथे नाताळचा फराळ असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. दिवाळीत आपण त्यांच्याकडे पाठवतो तेच सगळं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांच्या चकल्या आमच्यापेक्षा खुसखुशीत असतात. (हे आमच्या घरात मोठ्याने बोलायचं नसतं.) जेवणं झाली की पेटी निघते. नारायण वामन टिळकांनी ओव्या-अभंगांची चाल उपासनेत आणली, त्यामुळे या घरांतली नाताळची गाणी तबल्यावर सहज बसतात. शिवाय ‘सवाई’ संगीत महोत्सव नुकताच उरकलेला असतो, आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला आपण थोडेफार गातो असं जानेवारीपर्यंत वाटत राहतं. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा काकूंकडे दरवर्षी डग्गा-तबला घेऊन जातात, दुसरं काहीही नेत नाहीत, आणि सगळ्यात जास्त करंज्या त्यांच्याच ताटात पडतात.

पुणेकर आणि ख्रिस्ती घरचा पाहुणचार यांचं नातं तसं जुनं आहे आणि बरंच अवघडही. १४ ऑक्टोबर १८९० ची गोष्ट. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला, कुणी हात लावून खाली ठेवला. आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव यांनी मग ती सगळी यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि एका कपावरून पुण्यात वाळीत टाकण्यापर्यंतचं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, त्या दिवसांचा घरातला ताण त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्या संध्याकाळी कुणी काय घेऊन गेलं होतं याची नोंद नाही, पण परत येताना प्रत्येकाने काय आणलं ते साऱ्या शहराला कळलं. आज त्याच शहरातला माणूस काकूंच्या दारात उभा राहून ‘चहा नको, कॉफी आहे का?’ विचारतो. ग्रामण्य वगैरे नाही, ॲसिडिटी.

दिलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र पुण्याचा एक विक्रम कुणी मोडेल असं वाटत नाही. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ साली, पेशव्यांच्या चाकरीतल्या कॅथलिकांसाठी चर्चला जागा दिली गेली. तेच आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. पुण्यात जागा! हल्ली सख्खा भाऊ भावाला स्कूटर लावण्यापुरती देत नाही.

इंग्रजांच्या अमलात नाताळच्या भेटीला वेगळाच वास लागला. ‘बडा दिन’ आला की साहेबाच्या बंगल्यावर डाली जायची. म्हणजे फळं, फुलं, मिठाई, सुका मेवा यांची सजवलेली टोपली, आणि तळाशी कधीकधी फळांच्या जातीत न बसणारी एखादी चीज. शेवटी सरकारला आपल्याच नोकरांना बजावावं लागलं की फळं-फुलं ठीक, त्यापुढे नको. हिंजवडीच्या कंपन्यांत ‘सीक्रेट सांता’ला पाचशे रुपयांची मर्यादा घालतात, ती मला या नियमाची नात वाटते. त्या पाचशेत मग येते सुगंधी मेणबत्ती नाहीतर जानेवारीत वाळणारं रोपटं. दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा डबा नवा कागद गुंडाळून नाताळला पुढे ढकलणारेही असतात. त्यांनी आतली चिठ्ठी काढली आहे ना एवढं पाहावं.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर पहिल्या नाताळच्या पाहुण्यांकडे मागायला हवं. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे मागी लोक येतात आणि बाळापुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते किती जण होते हे तिथे सांगितलेलं नाही, पण वस्तू तीन म्हणून माणसंही तीन, असा हिशेब लोकांनी पुढे केला. आमच्याकडची एखादी मावशी तिथे असती, तर तिने कपाळाला हात लावला असता. तान्हं बाळ गव्हाणीत, अंगावर बाळंत्याशिवाय दुसरं काही नाही, आई लांबचा प्रवास करून आलेली ओली बाळंतीण, आणि ही शहाणी माणसं उंटावरून सोनं घेऊन आली! एखादं दुपटं? टोपरं? शेक-शेगडीची सोय? त्यांचा सण चर्चमध्ये सहा जानेवारीला पाळतात, म्हणजे पंचवीस डिसेंबरनंतर बारा दिवसांनी. आपल्या हिशेबाने ते थेट बारशालाच पोचले, आणि तेसुद्धा झबल्याशिवाय.

बरोबर बायकामाणूस कुणी नव्हतं, दुसरं काय.

म्हणून मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला आहे. नाताळ ही जन्माची आनंदवार्ता असेल तर तिथे न्यायचा तो बाळंतविडा. डिंकाचे लाडू. डिंक तुपात फुलवायचा, खारीक-खोबरं, खसखस, गूळ, वर जायफळ. डिसेंबरातली थंडी त्याला साजेशी आणि अंडं नाही, त्यामुळे झेंडीची गरज नाही. शिवाय ते ज्यांनी खावेत अशी एक बाई त्या घरात खरोखर असते. आठवडाभर तळण, घरोघरी गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींसाठी रात्री उशिरा चहा, चोवीस तारखेचं जागरण, सकाळची उपासना, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत न सांगता येणारी आमच्यासारखी माणसं. पंचवीसच्या दुपारी काकू सोफ्यावर बसतात तेव्हा त्यांना कमरेला शेक हवा असतो, सुगंधी मेणबत्ती नको असते.

ज्यांना लाडू वळता येत नाहीत त्यांनी सरळ फोन करून “दूध आणू का?” विचारावं. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला नाताळच्या घरातलं दूध हमखास संपलेलं असतं. दोन पिशव्या आणि बर्फाचा एक ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाचं जे स्वागत होतं, ते चांदीचा निरांजन-संच नेणाऱ्याचंही होत नाही. किंवा नागपुरी संत्री न्यावीत, ती डिसेंबरात रसात आलेली असतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला सणाच्या रंगाची खरी, पण पहिला थर उचलला की खालच्या थरात काय निघेल याची खात्री विकणाराही देत नाही.

लाडू न्यायचे तर डबा लागतो, आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. आमच्या दिवाळीच्या फराळाचा डबा काकूंकडे जातो. रिकामा डबा परत द्यायचा नाही हा नियम त्या आमच्यापेक्षा कडक पाळतात, त्यामुळे तो नाताळच्या करंज्या घेऊन परत येतो. मग आम्ही तो संक्रांतीला तिळाच्या वड्या घालून पाठवायचा, त्यांनी ईस्टरला केक घालून. यात कोण यजमान आणि कोण पाहुणा हे हल्ली डब्यालाच विचारावं लागतं. गेल्या नाताळला मी लाडू घेऊन गेले, तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, “अगं, काही आणू नका म्हटलं होतं ना!” आणि झाकण उघडून तिथल्या तिथे एक लाडू फोडला. “थांब, डबा मोकळा करून देते,” म्हणत आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा तो चकल्यांनी भरलेला होता.

घरी येऊन चकल्या काढताना माझं लक्ष झाकणावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे गेलं. त्यावर ना आमचं आडनाव, ना त्यांचं. कुण्या तिसऱ्याच घरच्या मुंजीत वाटलेला तो डबा आहे. यंदा नाताळला तो टेबलावर मधोमध ठेवावा, असं काकूंचं म्हणणं. आलेल्या पाहुण्यांत त्याचा मालक निघालाच, तर त्याने निदान रिकाम्या हातांनी परत जाऊ नये.