म्हातारीच्या बुटातल्या आजींना, बोईसरहून

प्रति,
आजीबाई,
मु. बूट, कमला नेहरू उद्यान, मलबार हिल, मुंबई.

विषय : टेकडीवरची हवा खाण्याबाबत.

आजी,

तुम्ही आम्हाला ओळखत नसाल, पण आम्ही तुम्हाला शाळेपासून ओळखतो. पालघर तालुक्यातल्या शाळेची मुंबईची सहल म्हणजे राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि शेवटी तुमचा बूट. (आमच्या शेजारच्या तारापूरचं नाव माशांच्या संदर्भात चांगल्या अर्थाने निघायचं, ते तेवढंच.) बुटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचं आणि गुरुजी खालून ओरडेपर्यंत काढूनच ठेवायचं. समोर गिरगाव चौपाटी, पलीकडे मरीन ड्राइव्हचा अर्धगोल. मुंबईएवढ्या गजबजलेल्या शहरात एवढं मोकळं आकाश कुणी कसं शिल्लक ठेवलं, याचं तेव्हाही नवल वाटायचं.

आता सहल आमची आम्हीच काढतो. रविवारी डहाणूहून येणारी लोकल पकडायची (ही सोय २०१३पासूनची, आधी शटलवर भागायचं), विरारचे धक्के खायचे, चर्नी रोडला उतरायचं आणि टेकडी चढून तुमच्याकडे यायचं. कशाला, तर ताजी हवा खायला. शंभरेक किलोमीटर लांबच्या गावातून निघून मुंबईत ताजी हवा खायला येणारे जगात बहुधा आम्हीच. पण नाइलाज आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात आमची तारापूर औद्योगिक वसाहत देशात पहिली आली. शंभरपैकी ९३.६९. एवढे गुण आमच्या एखाद्या पोराला दहावीला पडले असते, तर चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागले असते. या यशाचा फलक मात्र कुणी लावला नाही. बोईसरकर तसे प्रसिद्धीपराङ्मुखच.

तुमच्या शेजारी २०२५ साली झाडांमधून जाणारी उंचावरची लाकडी पायवाट खुली झाली, तीही पाहिली. ४८५ मीटर लांब, माणशी २५ रुपये, आणि वेळ आधी आरक्षित करायची. फार आवडली. झाडांच्या शेंड्यांजवळून चालताना शहरातली माणसं अगदी हळू आवाजात बोलत होती. आमच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन अशाच रानातून रोज उतरतात, तेही विनातिकीट आणि विनाआरक्षण. हा महसूल बुडतोय, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कृपया तुम्हीही कुठे बोलू नका.

तुमच्या समोरची हँगिंग गार्डन तर आमची विशेष लाडकी. ती १८८०च्या दशकात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून वसवली. वर प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं आणि हिरवळ, खाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी. ते पाणी येतं कुठून? मुंबईच्या सात तलावांपैकी मध्य वैतरणा आमच्या पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात आहे, २०१४पासून. त्याच मोखाड्यात एप्रिल-मे उजाडला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहतात. बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, पाणी घेऊन वर चढतात. म्हणजे डोंगर चढण्याचा व्यायाम आमच्याकडेही भरपूर आहे, फक्त त्याला बागेची जोड मिळालेली नाही.

२०२३मध्ये हँगिंग गार्डनखालची ही टाकी पाडून नवी बांधायचं ठरत होतं आणि ३८९ झाडांवर गदा येणार होती. मलबार हिलचे रहिवासी उठले, सह्या झाल्या, तज्ज्ञांची समिती बसली, आयआयटीची मंडळी टाकीत उतरली आणि झाडं वाचली. मनापासून अभिनंदन, यात उपरोध नाही. अडचण एवढीच, की हे जमतं कसं ते आम्हालाही शिकून घ्यायचं आहे. आमच्याकडे डोंगर पुष्कळ आहेत. नागझरीच्या बाजूचे दगडखाणीला दिलेत. बुलेट ट्रेनसाठी जिल्ह्यात सात बोगदे खोदायला काढलेत, बोईसरला स्टेशनही मिळणार आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला झाली, आणि समुद्रात भराव घालायचा म्हटल्यावर डोंगराकडे बघणं आलंच. चिमाजी अप्पांच्या काळात इथला एकेक गड घ्यायला फौजा झुंजवाव्या लागल्या. हल्ली एक निविदा पुरते. मात्र आमच्या झाडांसाठी आयआयटी अजून कुठे उतरलेली दिसली नाही.

तरी एकदा या, आजी. आमची बाग म्हणजे काळदुर्ग. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड लागते. तिथे वाघोबाचं देऊळ आहे. येणारे-जाणारे हात जोडतात आणि लगेच माकडांना वेफर्स देऊन ते पुण्य फेडून टाकतात. वारली पाड्यांवर वाघबारशीला वाघोबाची पूजा होते. (तुमच्या शहरातल्या बागांच्या भिंतींवर पांढऱ्या काड्यांची जी माणसं नाचताना रंगवलेली असतात, ती इथलीच.) देवळापासून पायवाट वर जाते. उंची दीड हजार फुटांच्या आसपास. झुडपांना हत्तीचा आकार देणारा माळी नाही, पावसाळ्यात वाटेवर शेवाळ असतं, मे महिन्यात करवंदं. अगदी वर एक चौकोनी कातळ आहे. त्यावर बसलं की खाली देवखोपचं तळं, पालघर शहर, रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे सातपाटी-केळव्याचा समुद्र. पाठीमागे सूर्या नदीचं खोरं, अशेरी आणि कोहोज हे गड. पावसाळा सरता सरता भाताचे सगळे तुकडे पिवळे-हिरवे झालेले असतात आणि वारा असा येतो, की बोलणं थांबवावं लागतं. मरीन ड्राइव्हची आठवण येत नाही, एवढंच सांगतो. वायव्येला नजर टाकली तर आमची धुराडीही दिसतात. हवा स्वच्छ असेल तर. पण हवा स्वच्छ नसण्याचं कारणही ती धुराडीच असल्याने, बहुतेक दिवस त्यांची इज्जत झाकलेली राहते.

इथे तिकीट नाही, रेलिंग नाही, सेल्फी पॉइंट नाही. या सोयी करून द्या, अशी मागणी मी मुद्दामच करत नाही. एकदा सोय करायला माणसं वर आली, की आधी रस्ता येतो, रस्त्यामागून डंपर येतो.

बूट मात्र काढून येऊ नका, वाट दगडाळ आहे.

आपला नम्र,
एक बोईसरकर

ता. क. : गडावर कातळातली टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी प्यायच्या भरवशाचं नाही. येताना घरच्या नळाची बाटली भरून आणा. पाणी आमच्याकडचंच असेल, त्यामुळे बाधायची भीती नाही.