चरबीदेशीचा माणूस

आइसलँडच्या माणसाचं अधिकृत नाव 'ईस्लेन्दिंगुर'. ते पासपोर्टावर शोभतं. पण स्वतःचीच टर उडवायची लहर आली, की तो होतो 'मर्लांदी'. यातल्या 'मर'ने दचकायचं कारण नाही. कुणी कुणाला शाप देत नाहीये. मर म्हणजे मेंढीच्या पोटातली घट्ट चरबी. मर्लांदी म्हणजे चरबीदेशीचा रहिवासी.

हे बारसं शेजाऱ्यांनी केलं. मध्ययुगात नॉर्वेची मंडळी आइसलँडकरांना असं हिणवत. स्वतः ते सुक्या कॉडवर हात मारत, तो भाग वेगळा! पण टोमणा बिनबुडाचा नव्हता. बेटावर धान्य जेमतेम, मेंढ्या उदंड, आणि हिवाळा काढायचा तर चरबीला पर्याय नाही. तिथल्या जुन्या पंचांगात डिसेंबर-जानेवारीच्या महिन्याचं नावच 'मरसुगुर', चरबी चोखणारा. आजही शरदात मेंढ्या कापल्या, की रक्त, राय या धान्याचं पीठ आणि चरबी एकत्र कालवून मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरतात आणि पिशवी शिवून उकडतात. त्याला 'ब्लोदमर' म्हणतात. टोमणा अजून ताटात आहे म्हणायचा.

गंमत आहे ती एकवचनाची. वर्तमानपत्रातला सदरलेखक 'मर्लांदिन', म्हणजे 'तो मर्लांदी', असं लिहितो, तेव्हा तो एक इसम नसतो, अख्खं राष्ट्र असतं. आपला 'मराठी माणूस' असाच एकटा सगळ्यांचं ओझं वाहतो. फक्त मराठी माणूस त्या एकवचनात बहुधा अन्याय सोसत असतो. मर्लांदिन मायदेशी परतताना केफ्लाविक विमानतळावरच्या करमुक्त दुकानात पिशवीत बाटल्या भरत असतो.

या बाटल्यांनाही इतिहास आहे. 1915 साली तिथे दारूबंदी आली. पुढे स्पेनने बजावलं, आमची वाइन घेणार नसाल तर तुमचा खारवलेला मासाही आम्हाला नको. आणि 1922 मध्ये वाइन सुटली. तत्त्व मोठं खरं, पण मासा त्याहून मोठा! कडक दारूला 1935 उजाडलं आणि कडक बिअरला तर थेट 1 मार्च 1989. मधल्या काळात लोकांनी हातभट्ट्या लावल्या. त्या दारूचं नाव 'लांदी', आणि नुसत्या 'लांदी'चा दुसरा अर्थ देशबांधव. त्यामुळे परदेशात एखादा आइसलँडकर जेवायला येताना 'बरोबर लांदी आणतोय' असं कळवतो, तेव्हा यजमानाने एक ताट वाढवायचं की दाराला आतून कडी लावून ग्लास काढायचे, हे पाहुणा दारात येईपर्यंत ठरत नाही.