जोड लागली कुंपणावर

ठिणगी टाकली अक्कांच्या जावयानं, आणि तीही थेट अमेरिकेतून. तिकडचा फुटबॉल म्हणजे पायानं कमी आणि हातानं जास्त खेळायचा. त्यावरून त्याच्या कचेरीत दोन तट पडले होते. १९७२ सालचा मायामीचा डॉल्फिन्स संघ आख्ख्या हंगामात हरलाच नाही, सतराच्या सतरा सामने जिंकला. १९८५ चा शिकागोचा बेअर्स संघ तेवढाच दांडगा, हरला तो फक्त एकदा, आणि तोही नेमका मायामीकडून. हे दोन जुने संघ समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? जावयानं यावर सासूबाईंना बराच वेळ पिडलं.

"मग खेळले का?" अक्कांनी विचारलं.

"नाही हो, कसे खेळतील? तेरा वर्षांचं अंतर आहे."

"मग भांडताय कशाला?" असं म्हणून अक्कांनी फोन ठेवला, पावसाची उघडीप बघून कुंपणाशी आल्या आणि तेच भांडण स्वतः सुरू केलं.

आमच्या कोयनानगरात पावसाळ्यात दुसरं करायला असतंच काय म्हणा. धरण किती भरलं, १०५ टीएमसीला अजून किती कमी, दरवाजे कधी उचलणार, एवढं बोलून झालं की विषय संपतात. अक्कांचं माहेर कराडजवळ, गोळेश्वराच्या शेजारी. पलीकडच्या वैनींचं माहेर शिराळ्याकडचं. मधे तारेचं कुंपण, त्यावर कारल्याचा वेल, आणि तिसऱ्या कोपऱ्याला मी, दोघींनाही न दुखावण्याची कसरत करत.

"वैनी, मला सांगा, आमचे खाशाबा आणि तुमचे मारुती माने लागले असते तर?"

वैनींच्या हातातली भाजी तिथंच राहिली. "अक्का, आवो वजन तरी बघा! तुमच्या खाशाबांनी हेलसिंकीला पदक मारलं ते ५७ किलोत. आमच्या कवठेपिरानच्या मान्यांनी १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं ते ९७ किलोत. चाळीस किलोचा फरक हाय. माने नुसते रेलले तरी कुस्ती निकाली."

"रेलायला मान सापडली पायजे ना! ढाक लावली की मोठा मोठा गडी वरनं जातोय."

अक्कांचं हे बोलणं पोकळ नाही. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव, आणि त्या डावाला किलोंपेक्षा वेळ साधण्याची अक्कल जास्त लागते. पण वैनींचंही चूक कसं म्हणायचं? शेवटी मी तोडगा काढला की एकेकट्याची नको, संघाची लढत लावा. सातारा जिल्हा विरुद्ध सांगली जिल्हा, हयात असोत-नसोत, सगळे आपापल्या भरातल्या वयाचे धरायचे.

इथपर्यंत गंमत होती. वैनींनी पहिलंच नाव घेतलं गणपतराव आंदळकरांचं आणि गंमत संपली.

नाव घ्यावं असंच ते. शिराळ्याजवळच्या पुनवतचा हा गडी, १९६० चा हिंदकेसरी. त्याच जकार्तात, मान्यांच्याही वरच्या वजनात, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मान्यांचं उलटं, फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य. म्हणजे एका जिल्ह्यातल्या दोघा पैलवानांनी एका स्पर्धेत चार पदकं आणली. वैनींच्या आवाजाला धार आली ती उगाच नाही.

पण ओट्यावर पेपर वाचत बसलेले नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, चष्म्यावरून म्हणाले, "आंदळकर सांगलीचे कसे? जन्म १९३५ चा. तवा सांगली जिल्हा व्हता कुठं? शिराळा पेटा आमच्या सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला, आणि सांगली हे नाव पडलं १९६० च्या नोव्हेंबरात. कागद बघा."

नानांची सगळी नोकरी कागदात गेली, त्यामुळं हे त्यांना पाठ. अक्का एवढ्या खूश झाल्या की त्यांनी वेलावरची दोन कारली तोडून वैनींच्या हातात ठेवली, जणू आंदळकरांच्या बदल्यात.

"म्हंजी आमचा माणूस पळवणार व्हय?" वैनी कारली परत देत म्हणाल्या. "मग हिंदकेसरी झाले त्या साली तुम्ही कुठं व्हता? पदकं जकार्ताची, १९६२ ची. तवा सांगली जिल्हा झालावता. पैलवान ज्या जिल्ह्याचं नाव घेऊन उतरला, त्या जिल्ह्याचा."

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. तसं मी म्हटल्यावर नानांनी पेपर मोठ्यानं उलटला.

मधेच कपाटातली भांडी खणखणली. सगळे क्षणभर थांबले, एकमेकांकडं बघितलं, आणि पुढं बोलू लागले. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप ज्या गावानं सोसला, तिथं एवढ्याशा धक्क्याला वाद थांबवण्याचा मान मिळत नाही.

माझी खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मी दोघींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. कुस्ती लावायची ती मातीवर की मॅटवर? तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या हौद्यात वजनाची पावती कुणी मागत नाही, घड्याळही कुणी बघत नाही. पाठ लागली की संपली. मॅटवर किलोचा गट, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि पाठ न लावताही गुणांवर जिंकता येतं. खाशाबा १९४८ ला लंडनला गेले ते मातीवर वाढलेले; मॅटची तिथं पहिल्यांदा नीट ओळख झाली. तरी सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं तिथं त्यांना चार गोष्टी शिकवल्या. हेलसिंकीच्या वेळी पैशाची मारामार. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. मग जपानच्या इशीशी लांबलेली लढत, आणि ती संपते न संपते तोच रशियाच्या गड्याशी उतरायला लावलं. मधली विश्रांती नियमात होती असं सांगतात. पण ती मागायला शेजारी आपला एकही अधिकारी नव्हता. तेवढा दम खाऊ दिला असता तर ब्राँझचं काय झालं असतं, ही आमच्या भागातली सगळ्यात जुनी 'असं झालं असतं तर'. अक्का या ठिकाणी नेहमी गप्प होतात. त्या दिवशीही झाल्या.

मी गामाचं उदाहरण दिलं. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत अडीच तासांवर चालली. तो गडी पोटावर पालथा पडून राहिला, पाठ द्यायलाच तयार नाही. निकाल लागला नाही. अठरा वर्षांनी, १९२८ ला, तीच जोड पतियाळाच्या मातीत लागली, दोघंही पन्नाशीला टेकलेले, आणि एक मिनिट व्हायच्या आत झिबिस्को उताणा. माणसं तीच, हौदा बदलला. त्यामुळं तुम्ही आधी मैदान ठरवा, मग मी पैलवान कोण जिंकेल ते सांगतो.

"मग संगणकाला विचारा की," वैनी म्हणाल्या. "माझा नातू काय बी विचारतोय त्येला."

तेही करून झालंय म्हटलं. १९६९ साली अमेरिकेत रॉकी मार्सियानो आणि महंमद अली या दोन मुष्टियोद्ध्यांना मायामीत एकत्र आणलं. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली, अलीला बंदी घातलेली, आणि दोघंही तोवर न हरलेले. टोपाचे केस लावून मार्सियानो उभा राहिला. दोघांनी लुटुपुटीच्या फेऱ्या खेळून दाखवल्या, शेवटही निरनिराळे चित्रित केले, आणि कोणता खरा धरायचा ते म्हणे संगणकानं ठरवलं. १९७० च्या जानेवारीत थेटरात दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात दाखवलेल्या फिल्ममध्ये मात्र अली जिंकला.

"आणि मार्सियानो काय म्हणाला?" नाना.

"काही नाही. फिल्म लागायच्या आधीच विमान अपघातात गेला."

"म्हंजी तिकीट काढणाऱ्याला जो पायजे तो जिंकवला," वैनी म्हणाल्या. एवढ्या थोडक्यात मला ते सांगता आलं नसतं.

संगणक बाद झाला. मग माणूस पंच पाहिजे, आणि तो सातारचाही नको, सांगलीचाही नको. नाना म्हणाले कोल्हापूरचा आणा. दोघी एकदम म्हणाल्या, नको! कोल्हापूरवाले निकाल बाजूला ठेवतील आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आमच्या तालमीतले, हे सांगत बसतील. त्यावर नानांनी पुन्हा चष्मा वर केला. खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, एकसंबा चिकोडीत, आणि चिकोडी आज कर्नाटकात. त्यामुळं पंच आणताना सीमाप्रश्न... एवढ्यावर अक्कांनी त्यांना चहा टाकायला आत पाठवलं.

मला विचाराल तर कोल्हापूरचं नाव टाळण्याचं खरं कारण दुसरंच होतं. २०२२ ला महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात भरली आणि गदा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलानं नेली. अक्का ते विसरलेल्या नाहीत.

"आणि एक ऱ्हायलं," वैनी वेलामागून म्हणाल्या. पदर खोचलेला, म्हणजे राखून ठेवलेला डाव. "पहिला महाराष्ट्र केसरी सांगलीचा, १९६१ चे दिनकर दह्यारी. आणि बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी? ती बी सांगलीचीच. प्रतीक्षा बागडी, २०२३ ला. तुमच्या संघात बाई कोण?"

अक्का सापडल्या. आम्हा सगळ्यांना वाटलं, झाली चितपट. नाना आतूनच ओरडले, "अदिती स्वामी घे! जगज्जेती हाय, बर्लिनला झाली!"

"आवो ती धनुर्धर हाय! हौद्यात काय बाण मारणार?" वैनींना हसू आवरेना.

पण अक्का हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. "मातीवर घ्यायची म्हणालात न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"वेळेचं बंधन न्हाई?"

"मातीवर नाही."

"मग लिहा. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर."

"ती तर पळणारी!" वैनी ओरडल्या. "रिओला तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत गेलेली. कुस्तीतलं काय कळतंय तिला?"

"कळायची गरजच काय? तुमची प्रतीक्षा मागनं धावू दे की अंधार पडोस्तवर."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. हौद्याबाहेर पाय गेला तर काय, असं मी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, हौदा केवढा खणायचा ते अजून ठरलेलं नाही.